चिनी मातीची चवड किती विस्कटली?

चिनी मातीतलं केओलिनाइट म्हणजे पोळ्यांची चवड समजा. एकेक थर सुमारे ७.१६ आंग्स्ट्रॉमचा (आंग्स्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग). थर नीट एकावर एक बसले तर रचना शिस्तीची, बाजूला सरकले की बेशिस्त. ही शिस्त क्ष-किरणांनी एका आकड्यात मोजायची सोपी रीत हिंकली या संशोधकाची, १९६३ सालची.

बडोद्यातल्या लॅबमध्ये मी बरीच वर्षं हेच केलं. नवी मुलं मशीनच्या धास्तीत असतात, पण आकडा बिघडतो तो त्याआधी, खलात. एका पावसाळ्यात कच्छच्या मातीची ढेकळं फुटेनात म्हणून मी ती कोरडीच चाळीस मिनिटं घोटली. आकडा इतका पडला की पाकीट बदललं असं वाटलं. दुसऱ्या दिवशी उरलेलं ढेकूळ हलक्या हाताने फोडून लावलं, तर क्ष-किरणांच्या आलेखातली शिखरं ताठ उभी! चवड मीच विस्कटली होती.

म्हणून अकिकाचा खल घ्या (अंगठीतला खंबातचा अकीक असतो ना, तोच दगड), थोडं अल्कोहोल घाला आणि दोन-तीन मिनिटांत थांबा. पूड साच्यात मागून भरा. वरून काचेने दाबून गुळगुळीत केलीत की पापुद्रे आडवे निजतात, मग थराच्या जाडीचं, ७.१६ आंग्स्ट्रॉमचं शिखर आभाळाला भिडतं आणि आपल्याला हवी ती बुटकी होतात.

मशीनमधली क्ष-किरणांची नळी तांब्याची असेल तर १९ ते २४ अंशांच्या कोनातला आलेख काढा, ०.०२ अंशाच्या पावलाने, सावकाश. इथे तीन शिखरं दिसतात: १९.९, २०.३५ आणि २१.३ च्या आसपास. (लॅबमध्ये त्यांना ‘पीक’ म्हणतात. माझ्या शेतकरी सासऱ्यांना वाटायचं, सूनबाई ज्वारी मोजते.)

आता पट्टी घ्या. पहिल्या-दुसऱ्या शिखरांमधल्या दरीपासून तिसऱ्याच्या पलीकडे आलेख खाली बसतो तिथपर्यंत सरळ रेघ ओढा. रेघेच्या वर दुसरं शिखर किती उंच आणि तिसरं किती, ते मोजून बेरीज करा. मग दुसऱ्याची उंची पार्श्वभूमीपासून पूर्ण मोजा आणि तिने बेरजेला भागा. ३८ आणि ३१ मिलिमीटर, पूर्ण उंची ७२, तर ०.९६. दीडच्या जवळ गेलं तर उत्तम शिस्त, ०.५ च्या खाली चवड कोसळलेली. तिथे शिखरं मुळात सुटी राहत नाहीत, नुसता उतार दिसतो.

मातीत मिसळलेला क्वार्ट्झ (वाळूतलं गारेचं खनिज) मात्र मधेच कडमडतो. त्याचं ४.२६ आंग्स्ट्रॉमचं शिखर नेमकं २०.८६ ला येतं. आधी त्याच्या मोठ्या शिखराची जागा, २६.६४ अंश, पाहा. तिथे ठसठशीत काही असेल तर हा आकडा लगेच काढू नका. क्वार्ट्झचे जाड कण खाली बसावेत म्हणून माती पाण्यात ढवळून निवळू द्या. दोन मायक्रॉनचा कण १० सेंटिमीटर खाली जायला २० अंश तापमानात सुमारे ८ तास घेतो. मे महिन्यातल्या आमच्या पाण्यात साडेपाच-सहा तास पुरतात. तेवढ्या वेळाने वरचे १० सेंटिमीटर काढून घ्या. तरीही क्वार्ट्झ उरला तर ३७ ते ४० अंशांतली शिखरं पाहा, तिथे त्याची लुडबुड कमी.

आणखी एक. चांगली आणि वाईट माती मिसळली तरी मधलाच आकडा येतो, त्यामुळे त्यावरून दोष किती ते सांगू नका. त्याच्याशेजारी घोटल्याची मिनिटं लिहा. माझ्या त्या पानावर ती नाहीत.