पुंगळी अडकू नये म्हणून: घरी भरलेली काडतुसे घेऊन रेंजवर निघण्यापूर्वीची तयारी

अमेरिकेत एआर-१५ रायफल आणि स्वतः भरलेली .२२३ रेमिंग्टनची काडतुसे घेऊन रेंजवर जाणाऱ्याने प्रथम एक भेद मनाशी पक्का करावा: चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या पोकळीत, न उडालेले काडतूस अडकणे वेगळे आणि उडालेली रिकामी पुंगळी, म्हणजे काडतुसाचे पितळी कवच, अडकणे वेगळे. चेंबर मागून बंद करणारा बोल्ट दोन्ही वेळा हलेनासा होतो, परंतु कारणे निराळी असतात आणि धोका तर फारच निराळा असतो.

न उडालेले काडतूस अडकते त्याचे मूळ बहुधा घरच्या टेबलावरच असते. हाताने बोल्ट मागेपुढे करायच्या बोल्ट-ॲक्शन रायफलीत बोल्टची मूठ खाली दाबताना हाताचा जोर मिळतो आणि किंचित फुगलेले काडतूसही आत बसते. एआर-१५ सारख्या सेमी-ऑटोमॅटिकमध्ये बोल्ट केवळ स्प्रिंगच्या बळावर मिटतो, म्हणून पुंगळीचा खांदा (गोळीच्या बाजूला ती निमुळती होते तो भाग) आपल्याच रायफलीतून उडालेल्या पुंगळीच्या मापापेक्षा साधारण ०.०८ ते ०.१ मिलिमीटर मागे सरकेल अशा बेताने साइझिंग डाय (वापरलेली पुंगळी दाबून पुन्हा मापात आणणारा साचा) लावावी. यापेक्षा जास्त मागे ढकलण्याचा मोह टाळावा, कारण दर वेळी ताणली जाणारी पुंगळी बुडाच्या किंचित वर पातळ होते आणि एक दिवस तिथेच तुटते. रेंजवर वेचलेल्या पुंगळ्या दुसऱ्या कोणाच्या सैल चेंबरमध्ये फुगलेल्या असू शकतात. त्यांच्यासाठी स्मॉल-बेस डाय, म्हणजे पुंगळीचा बुडाकडचा भागही अधिक आवळणारी डाय, वापरणे मला आवश्यक वाटते.

पुंगळीची लांबी ४४.७० मिलिमीटरच्या वर जाता कामा नये, कापताना ४४.४५ वर आणावी. लांबी असमान राहिली आणि क्रिम्प (गोळी धरून ठेवण्यासाठी पुंगळीच्या तोंडाला दिलेली आवळ) घट्ट बसवला, तर लांब पुंगळीचा खांदा डोळ्यांना दिसणारही नाही इतका बाहेर फुगतो. म्हणूनच केस-गेजमध्ये (चेंबरच्या मापाच्या तपासणी-नळीत) केवळ साइझ केलेली पुंगळी तपासून भागत नाही, तर गोळी बसवून झाल्यावर प्रत्येक काडतूस पुन्हा गेजमध्ये सोडून पाहावे. आधी बसत होते आणि नंतर बसत नाही, असे झाले तर दोष क्रिम्पचा समजावा.

रिकामी पुंगळी अडकण्याची कहाणी जुनी आहे. व्हिएतनाममध्ये १९६६-६७ च्या सुमारास एम-१६ रायफलींत हेच घडत होते: चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता, दमट हवेत ते गंजून खडबडीत होई, बारुदाचा प्रकार बदललेला होता, साफसफाईचे साहित्य अपुरे होते, आणि सैनिकांना नळीतून गज घालून पुंगळी ठोकून काढावी लागे. त्यापासून घ्यायचा धडा असा की चेंबरच्या ब्रशने चेंबर घासावे आणि शेवटी कोरड्या कापडाने पुसावे. तेल तसेच राहू देऊ नये. साइझिंगचे वंगणही पुंगळ्यांवरून पूर्ण पुसावे, कारण निसरडी पुंगळी चेंबरच्या भिंतीला धरत नाही आणि सगळा दाब बोल्टवर येतो. पुंगळी चेंबरमधून ओढून काढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरचा आकडा झिजला आहे का आणि त्याची स्प्रिंग मऊ पडली आहे का, तेही पाहावे. पुंगळीच्या बुडावर इजेक्टरचा (पुंगळी बाहेर फेकणाऱ्या खिळीचा) चकचकीत ओरखडा उमटला किंवा कडा फाटली, तर दाब जास्त असल्याचा संशय धरून त्या खेपेतील उरलेली काडतुसे उडवू नयेत.

पिशवीत डोळ्यांचा चष्मा व कानांच्या संरक्षणाबरोबर पितळी गज, तुटलेली पुंगळी काढण्याचे साधन आणि खेपेची नोंद असलेला डबा असावा.

काडतूस अडकलेच तर फॉरवर्ड असिस्ट (बोल्ट पुढे ढकलण्याचे बटण) दाबून ते आणखी आत ठोसू नये; माझ्या मते बहुतेक हानी याच घाईतून होते. नळीचे तोंड लक्ष्याकडे ठेवून किमान अर्धा मिनिट थांबावे, मॅगझिन काढावे आणि रेंज अधिकाऱ्याला बोलवावे. तापलेल्या चेंबरमधले काडतूस आपोआप उडू शकते. दस्ता जमिनीवर आपटून बोल्ट मागे घेण्याची रीत प्रचलित आहे, परंतु त्यात चेहरा किंवा हात नळीच्या तोंडावर येण्याचा धोका असतो. न उडालेले काडतूस आत असल्यास अधिकाऱ्याच्या देखरेखीशिवाय ती करू नये. गज फक्त पुंगळी रिकामी असल्याची खात्री असतानाच घालावा; न उडालेल्या काडतुसावर कधीही नाही. न उडालेले काडतूस तरीही न निघाल्यास रायफल भरलेली आहे असे स्पष्ट सांगून बंदूक दुरुस्त करणाऱ्याच्या स्वाधीन करावी.

काडतूस बाहेर आले तरी त्याची गोळी नळीच्या खाचांत रुतून राहिलेली आणि बारूद यंत्रणेत सांडलेली असू शकते. रिकामी पुंगळी निघाली तरी तिचा पुढचा अर्धा भाग चेंबरमध्येच असू शकतो. म्हणून पुढचे काडतूस भरण्याआधी बोल्ट उघडा ठेवून चेंबरपासून तोंडापर्यंत नळीतून आरपार उजेड दिसतो की नाही, हे पाहिल्याशिवाय मॅगझिनला हात लावू नये.