कोण कुठून कुठे जातं, हे एन्ट्रॉपीने कसं काढायचं

एन्ट्रॉपी म्हटलं की वाफेचं इंजिन आठवतं, पण इथे, म्हणजे लोक घरून कुठे कामाला जातात याचा अंदाज काढताना, ती निव्वळ मोजणी आहे: एखादी वाटणी किती प्रकारे होऊ शकते. चार माणसं दोन जागांत टाकायची तर दोन-दोन ही वाटणी ६ प्रकारे होते, चौघंही पहिल्या जागेत हे एकाच प्रकारे. म्हणजे जेवढं माहितीये तेवढ्या अटी पाळायच्या आणि उरलेल्यातून सगळ्यात जास्त प्रकारे होणारी वाटणी धरायची. ब्रिटिश भूगोलतज्ज्ञ अ‍ॅलन विल्सननी १९६७ मध्ये हे प्रवासाला लावलं आणि ग्रॅव्हिटी मॉडेल (जागा मोठ्या तर ये-जा जास्त, लांब तर कमी) आपसूक बाहेर आलं, न्यूटनकडून उसनं न घेता!

करून बघू, एक्सेल पुरे. दोन झोन, म्हणजे शहराचे दोन भाग, राहणारे ६० आणि ४० (या तक्त्याच्या ओळी), नोकऱ्या ५० आणि ५० (हे कॉलम) (दोन्ही बेरजा सारख्याच हव्यात, नाहीतर पुढे काहीच जुळत नाही). झोनच्या आत ५ मिनिटं, पलीकडे १५. वेळ धरलाच नाही तर राहणारे गुणिले नोकऱ्या भागिले १००, म्हणजे पहिल्या ओळीत ३०-३०, दुसऱ्या ओळीत २०-२०, सरासरी १० मिनिटं. पण सर्व्हेत सरासरी ८ आलीये असं समजा, तर तीही अट घालायची, आणि इथे बीटा लागतो, म्हणजे लोक लांबचा प्रवास किती टाळतात ते सांगणारा आकडा.

बीटा गुणिले वेळ, त्याला उणे चिन्ह, त्याचं एक्स्पोनेन्शियल, हे प्रत्येक खान्यात टाका, मग ओळी ६०-४० ला जुळवा, त्याने कॉलम बिघडतात, ते ५०-५० ला जुळवा, परत ओळी, परत कॉलम, आकडे हलायचे थांबेपर्यंत. सुरुवातीचा बीटा १ भागिले सरासरी, म्हणजे ०.१२५. सरासरी ८ पेक्षा कमी येते, म्हणजे बीटा जास्त झाला, कमी करा. ०.०९ च्या आसपास ४०-२० आणि १०-३० येतं, सरासरी ८, झालं.

खरं तर दोन झोनमध्ये हे उत्तर अटींवरूनच निघतं, एन्ट्रॉपीची गरजच नाही. पण ५० झोन घेतले की खाने २५०० आणि अटी जेमतेम १००, तिथे तिची मजा कळते.

झोनच्या आतला वेळ शून्य टाकू नका, लोक सगळे घराजवळच चिकटतात. आणि मिनिटांवरून काढलेला बीटा किलोमीटरला लावू नका, त्याला युनिट असतं.