सर्टिफिकेटची फी भरण्याआधी

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या कोर्सची फी ६०,००० सांगितली, तर १८ टक्के जीएसटी धरून की वगळून, हे आधी विचारा. वगळून असेल तर ७०,८०० मोजावे लागतात. ‘सोपे हप्ते’ म्हणजे बऱ्याचदा तुमच्या नावावरचं कर्ज. क्लास मध्येच सोडला तरी हप्ता पाठ सोडत नाही. (आमच्या भाच्याने कागद न वाचताच सही ठोकली होती!) त्यापेक्षा आधी एनपीटीईएलवर, म्हणजे आयआयटी वगैरेंच्या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर, शिकून बघा. शिकणं फुकट, पैसे फक्त परीक्षेचे. ती केंद्रावर जाऊन द्यावी लागते, म्हणून तिथल्या सर्टिफिकेटला थोडं वजन. तरीही क्लास लावायचाच असेल, तर तुम्हाला हव्या त्या नोकरीच्या वीस जाहिराती काढा आणि त्यात क्लासच्या सर्टिफिकेटचं नाव किती वेळा येतं ते मोजा.