शेततळ्यात दोन वाणांचा रोहू एकत्र सोडावा का?

शेततळी भरत आली की बोटुकलीच्या (बोटाएवढ्या माशांच्या पिल्लांच्या) गाड्या गावोगाव फिरू लागतात, आणि दरवर्षी हा प्रश्न येतोच: तळ्यात गेल्या वर्षीचा साधा रोहू शिल्लक आहे, त्यातच जयंती रोहू हा सुधारित वाण सोडला तर वाण बिघडेल का?

तळ्यात तरी नाही. रोहू, कटला, मृगळ साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं, नाहीतर मत्स्यबीज केंद्रात संप्रेरकाचं इंजेक्शन द्यावं लागतं. सायप्रिनस (कॉमन कार्प) आणि तिलापिया या माशांचं तसं नाही, ते तळ्यातच अंडी घालतात. तिलापिया दोन-तीन महिन्यांत अंड्यावर येतो, मग तळ्यात नुसती चिल्लीपिल्ली.

खरी अडचण आकाराची. पाव किलोच्या माशांत दोन इंची बोटुकली सोडली की टाकलेलं खाद्य मोठेच फस्त करतात आणि लहानगी मागे पडतात. जुना माल आधी काढा. ते जमत नसेल तर नवी बोटुकली हाप्यात, म्हणजे तळ्यातच बांधलेल्या बारीक जाळीच्या पिंजऱ्यात वाढवा, चार-पाच इंचांची झाली की सोडा.

जयंती रोहू भुवनेश्वरच्या 'सीफा' या केंद्रीय संस्थेने नॉर्वेच्या शास्त्रज्ञांसोबत निवड पद्धतीने तयार केला आणि १९९७ मध्ये प्रसारित केला. गंगा, यमुना, गोमती, ब्रह्मपुत्रा, सतलज इथला रोहू त्याच्या मुळाशी आहे. म्हणजे मिसळीचं काम तिथे जाणकारांनी नोंदी ठेवून केलंय. वाढ चांगली आहे, पण बोटुकली बघून साधा कोणता नि जयंती कोणता हे ओळखता येत नाही. म्हणून पावतीवर वाण लिहून घ्या. विक्रेता नुसतंच 'जयंती आहे हो' म्हणत असेल तर जादा पैसे मोजू नका.

दोन्ही वाण ताडून पाहायचे असतील तर बीज एकाच वयाचं हवं. वर्षभर दाटीत ठेवलेलं खुंटलेलं बीज मोकळ्या पाण्यात झपाट्याने वाढतं, आणि श्रेय उगाच वाणाला जातं.

३० बाय ३० मीटरच्या तळ्याला सगळे मिळून ४५०-५०० मासे पुरेत, त्यात रोहू दीडशेच्या आसपास. बोटुकलीची पिशवी पंधरा-वीस मिनिटं तळ्यावर तरंगत ठेवा, मग तळ्याचं पाणी थोडं थोडं आत घ्या, सकाळी किंवा सूर्य कलल्यावर. सांडव्याला जाळी बसवा, नाहीतर पहिल्याच मोठ्या पावसात बीज ओढ्याला जाईल. आणि मिसळलेल्या तळ्यातले मासे बीज केंद्राला नर-मादी म्हणून देऊ नका. वाण बिघडतो तो तिथे.