देवळालीच्या फायरिंग रेंजच्या कडेनं: परवानगी, पायवाटा आणि बहुला

मी देवळाली कॅम्पात राहते हे कळलं की ट्रेकिंगवाल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ताई, बहुल्याला जाता येतं का हो?" येतं, पण रोज नाही आणि कुणालाही न विचारता तर नाहीच. तो किल्ला तोफखान्याच्या फायरिंग रेंजमध्ये, म्हणजे तोफा डागण्याच्या सरावाच्या हद्दीत आहे. माझे वडील तोफखान्यात हवालदार होते, माझं बालपण लॅम रोडवर गेलं आणि आता मी भगूरकडच्या शाळांतल्या मुलामुलींना घेऊन या डोंगरांत हिंडते. म्हणून हे जरा सविस्तर लिहिते आहे.

परवानगी मागताना लोक आधी पत्ताच चुकवतात. नाशिकरोडचं तोफखाना केंद्र वेगळं आणि देवळालीचं स्कूल ऑफ आर्टिलरी वेगळं. केंद्रात भरती झालेली मुलं घडतात, सध्या ते अग्निवीर. स्कूलमध्ये अधिकारी, जेसीओ (सुभेदार वगैरे), एनसीओ (हवालदार, नाईक वगैरे) पुढचं शिक्षण घेतात: नेम कसा काढायचा, मारा कसा दुरुस्त करायचा, असं सगळं. गांधीनगरला हेलिकॉप्टरं घिरट्या घालताना दिसतात ते 'कॅट्स', म्हणजे लष्करी वैमानिकांचं प्रशिक्षण केंद्र. यांपैकी कुठल्याही संस्थेच्या आवारात सहज फेरफटका मारता येत नाही. आत कुणी नातेवाईक असेल, शाळेची सहल ठरली असेल किंवा एखाद्या कार्यक्रमाचं बोलावणं असेल, तरच जायचं. शाळेसाठी मुख्याध्यापकांचं लेटरहेडवरचं पत्र, प्रत्येकाचं नाव, वय, आधार क्रमांक, गाडीचा नंबर आणि सोबत येणाऱ्या शिक्षकांचे फोन असा कागद महिनाभर आधी द्यावा. तारीख एकच न देता दोन-तीन पर्याय द्यावेत. त्यांचं वेळापत्रक आपल्यासाठी हलत नाही आणि हलूही नये.

हे झालं संस्थांचं. आता रेंजबद्दल, कारण खरा धोका तिथे आहे. नवख्या माणसाला वाटतं, तोफ दिसली तर बाजूला होऊ. पण तोफ दिसतच नाही. ती टेकडीच्या आड, खोलगट जागेत लावलेली असते. दुसऱ्या उंचवट्यावर ओपी असतो, म्हणजे निरीक्षणाची जागा. तिथला अधिकारी दुर्बिणीतून गोळा कुठे पडला ते पाहतो आणि रेडिओवरून सांगतो: इतकं डावीकडे, इतकं पुढे. मग पुढचा गोळा येतो. म्हणजे तोफ एका खोऱ्यात, बघणारा दुसऱ्या डोंगरावर आणि गोळा पडणार तिसऱ्याच उतारावर. बोफोर्स तोफेचा पल्ला साध्या गोळ्यानंसुद्धा चोवीस किलोमीटरच्या घरात आहे. तुम्ही ज्या कातळावर बसून डबा उघडता तोच कुणाच्या तरी नकाशावर लक्ष्य असू शकतो. आजूबाजूला सामसूम आहे याला इथे काहीही अर्थ नाही.

या जमिनीवरच्या सरावासाठी १९३८चा कायदा आहे, मॅनूव्हर्स, फील्ड फायरिंग अँड आर्टिलरी प्रॅक्टिस ॲक्ट. राज्य सरकार क्षेत्र अधिसूचित करतं, सरावाच्या काळात धोक्याच्या पट्ट्यात माणसांना आणि गुरांना मज्जाव करता येतो आणि शेताचं नुकसान झालं तर भरपाईची तरतूद आहे. त्यामुळे रेंजच्या कडेच्या गावांना फायरिंगच्या तारखा आधी कळवल्या जातात. नाशिकहून निघण्याआधी दोन ठिकाणी विचारा: देवळालीचं स्टेशन हेडक्वार्टर, म्हणजे इथल्या लष्करी ठाण्याचं मुख्य कार्यालय, आणि आंबेबहुल्याचे पोलीसपाटील. हेडक्वार्टरकडून परवानगीचं उत्तर आलं नसेल तर जाऊ नका. "रविवारी फायरिंग नसतं" असं ऐकीव सांगणारे पुष्कळ भेटतील. त्यांच्या भरवशावर मी कुणाच्याही लेकराला नेणार नाही. जानेवारीच्या आसपास तर बहुल्याचं नावच काढू नका. तेव्हा 'तोपची' हा मोठा वार्षिक सराव असतो, तो निमंत्रितांसाठीच असतो आणि तोफांची खिडक्या हलवणारी घुमघुम कॅम्पातल्या घरात बसूनही ऐकू येते.

सगळी उत्तरं होकारार्थी आली असतील तर मुंबई-आग्रा महामार्गानं पाथर्डी फाटा, पांडवलेणी मागे टाकून विल्होळी गाठा आणि तिथून आत राजूर बहुला, आंबेबहुला. गाडी गावातच लावा. गावात पोचल्यावर पुन्हा विचारा. आम्ही एकदा मुलांना घेऊन उतरलो, तर वेशीपाशी शेळ्या घेऊन उभ्या असलेल्या बाबांनी काठीनंच अडवलं. "ताई, आज नका जाऊ. त्ये बघा, झेंडा हाये." दूर एका उंचवट्यावर बांबूला बांधलेलं लाल फडकं दिसत होतं, उन्हानं इतकं विटलेलं की आमच्यातल्या एकाही मुलाला ते वेगळं ओळखू आलं नव्हतं. "बाबा, आम्हाला तर आज मोकळं आहे असं सांगितलंय," मी म्हटलं. ते म्हणाले, "सांगितलं आसंल. झेंडा हाये तवर माझ्या शेळ्या बी तिकडं जात न्हाईत." आम्ही तिथूनच परतलो आणि थोड्या वेळानं पहिला धमाका ऐकला. झेंडा आणि गावकऱ्यांचा शब्द, यातलं एक जरी 'नको' म्हणालं तरी हातातली परवानगी गुंडाळून खिशात ठेवायची. तारखा ऐनवेळी बदलतात, गुराखी रोज तिथेच असतो.

गावातला एखादा माणूस वाटाड्या म्हणून घ्या आणि त्याला त्याच्या दिवसाची मजुरी द्या. वाट हरवते म्हणूनच केवळ नाही, तर कुठल्या पट्ट्यात गोळे पडतात हे त्याच्या पायांना माहीत असतं. त्याच्या मागे एका रांगेत चाला, शॉर्टकट नको. वरच्या टप्प्यात कातळात खोदलेल्या पायऱ्या लागतात, माथ्यावर पाण्याची टाकी आहेत. १८१८मध्ये त्र्यंबकगड पडल्यावर इंग्रजांच्या हवाली झालेल्या किल्ल्यांत बहुलाही होता. टाक्यातलं पाणी पिऊ नका. माणशी तीन लिटर घरून न्या, वाटेत झाड कमी आणि ऊन थेट आहे. भाकरी, ठेचा, गूळ-शेंगदाणे एवढं पुरे. मोसम म्हणाल तर पाऊस थांबून गवत वाळू लागलं की. भर पावसाळ्यात गुडघाभर गवतात पायाखाली काय आहे ते दिसत नाही.

आणि पायाखाली काय असतं, ते नीट सांगते. फुटलेल्या गोळ्याचा तुकडा तळहाताएवढाही असू शकतो. एका बाजूनं सरळ, तासल्यासारखा, दुसऱ्या बाजूनं फाटलेला. त्या फाटलेल्या कडेची धार अशी की बूट चिरेल. नवा असेल तर निळसर काळा, जुना असेल तर आपल्या बेसाल्टच्या दगडात मिसळून जाणारा तांबूस. तो तुकडा स्वतः फुटणार नाही. पण त्याच मातीत न फुटलेला गोळाही असू शकतो. मऊ जमिनीत किंवा तिरका पडला की कधी कधी फ्यूज, म्हणजे गोळा फोडणारी कळ, काम करत नाही. गोळा आत रुतून बसतो आणि दोन-तीन पावसाळ्यांनी ओढ्याच्या धुपीत उघडा पडतो. तेव्हा तो गंजलेल्या पाइपासारखा दिसतो. गोळा आणि तुकडा यातला फरक ओळखत बसायचं नाही. लोखंडाचं काहीही उचलायचं नाही, लाथ मारायची नाही, आठवण म्हणून घरी आणायचं नाही. भंगारासाठी असे गोळे उचलून हात आणि जीव गमावलेली माणसं रेंजच्या कडेच्या गावांत असतात, आपल्याकडे आणि इतर ठिकाणीही. मुलांना मी हे निघण्याआधी, बसमध्ये आणि पायथ्याशी सांगते. तिन्ही वेळा तेच वाक्य.

बहुला जमला नाही तर दिवस वाया जात नाही. पांडवलेणी चढून जा. त्रिरश्मी डोंगरातल्या २४ लेण्यांपैकी तिसऱ्या लेण्यात सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे, दहाव्यात क्षत्रप राजा नहपानाच्या काळातले लेख आहेत आणि लेण्यांच्या पट्ट्यावरून आजूबाजूचा परिसर शांतपणे न्याहाळता येतो. लहान मुलं किंवा वयस्कर सोबत असतील तर मी कॅम्पातली खंडोबा टेकडीच सुचवीन. विश्रामगड म्हणतात तिला. मणी-मल्लाचा वध करून देवानं इथे विसावा घेतला अशी श्रद्धा आहे आणि चंपाषष्ठीला मोठी गर्दी असते. नाशिकरोडहून बिटको, विहितगाव, लॅम रोड असं आलं की कॅम्प. तसंच पुढे गेलं की दारणेकाठचं भगूर, सावरकरांचं जन्मस्थान. दारणेकाठच्या उसात बिबट्या आहे, म्हणून झुंजुमुंजू असताना आणि दिवेलागणीनंतर एकट्यानं नदीकडे फिरायला जाऊ नका. पोरांना पुढे पळू देऊ नका.

लष्करी हद्दीतून जाणाऱ्या रस्त्यांवर सेंट्री, म्हणजे पहाऱ्यावरचा जवान, अडवेल. गाडी थांबवा, काच खाली करा, ओळखपत्र हातात ठेवा आणि कुठून कुठे चाललोय ते एका वाक्यात सांगा. तो बहुधा हिंदीत बोलेल, आपणही बोलावं. "परत फिरा" म्हणाला तर परत फिरायचं. तो बाहेरच्या राज्यातून आलेला, विशी-पंचविशीतला मुलगा असतो आणि त्याला मिळालेला हुकूम पाळत असतो. त्याच्याशी हुज्जत घालणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. गेट, अँटेना, वाहनं, तोफा यांचे फोटो नाहीत. ड्रोन घरीच. मोबाइलमधल्या धावण्या-चालण्याच्या ॲपवर आपली वाट सर्वांना दिसेल अशी टाकू नका. २०१८मध्ये अशाच एका ॲपच्या जागतिक नकाशावर अनेक देशांचे लष्करी तळ ठळक दिसू लागले होते, ते जवानांच्या रोजच्या धावण्याच्या रेषांमुळे.

चालताना संशयास्पद काही दिसलंच, तर जागच्या जागी थांबा, मागच्यांना हातानं थांबवा आणि ज्या पावलांनी आलात त्याच पावलांनी मागे या. जवळ उभं राहून फोन लावू नका, फोटोसाठी पुढे वाकू नका. पुरेसं लांब, आडोशाला आल्यावर ११२ला फोन करा आणि पोलीसपाटलांनाही कळवा. "बॉम्ब दिसला" एवढं सांगून भागत नाही. गावाचं नाव, कुठल्या ओढ्याच्या कुठल्या काठावर, जवळ झाड की बांध, किती वाजता दिसलं आणि तुमच्या मागून त्या वाटेनं कुणी येतंय का, हे सांगा. मागून दुसरा गट येत असेल तर पोलीस येईपर्यंत तुमच्यातले दोघं गावाच्या बाजूला वाटेवर थांबा आणि त्यांना तिथूनच परत पाठवा.