नव्या डेबियनमध्ये रेपो जोडताना या चुका टाळा

लिनक्स टाकून एक दिवसही झालेला नसतो आणि लोक सोर्सेस लिस्ट, म्हणजे सॉफ्टवेअर कुठून आणायचं याची यादी, उघडून बसतात. कुठल्यातरी व्हिडिओत 'इन्स्टॉल झाल्यावर लगेच करायच्या दहा गोष्टी' असतात, त्यातलीच ही एक. मी डेबियन या लिनक्सपुरतंच बोलतो, कारण मी तेच वापरतो आणि ओळखीपाळखीत तेच दुरुस्त करत फिरतो. नव्या मशीनला रेपो, म्हणजे पॅकेजं जिथून येतात ती कोठारं, लागतात तीन: मुख्य, सिक्युरिटी आणि अपडेट्स. इंटरनेट जोडून इन्स्टॉल केलं असेल तर इन्स्टॉलर ते आपणहून लिहून ठेवतो. बाकीचं सगळं आपली हौस.

स्टेबलमध्ये सिडची ओळ घालणं

स्टेबल म्हणजे डेबियनची तपासून पक्की केलेली आवृत्ती, सिड म्हणजे सतत बदलणारी. दोन्ही एकत्र करणं हा माझा सगळ्यात नावडता प्रकार. २०२४च्या मार्च-एप्रिलातली गोष्ट. नात्यातल्या एका इंजिनिअरिंगच्या पोराचा रात्री फोन. "काका, डेस्कटॉपच येत नाहीये. नुसती काळी स्क्रीन आणि लॉगिन विचारतंय."

"काय टाकलंस?"

"काहीच नाही. फक्त अपडेट केलं."

'फक्त अपडेट केलं' याचा अर्थ कधीच फक्त अपडेट केलं असा नसतो. खोदून विचारल्यावर कळलं, साहेबांना व्हिडिओ एडिटरची ताजी आवृत्ती हवी होती. डेबियन १२ म्हणजे बुकवर्ममध्ये जुनी होती, म्हणून सिडची एक ओळ घातली आणि फुल-अपग्रेड, म्हणजे गरज पडल्यास जुनी पॅकेजं काढूनही सगळं नवं करणारी कमांड, चालवलं.

सिड म्हणजे डेबियनची कायम चालू असलेली कार्यशाळा. त्या दिवसांत तिथे मोठी खोदाई सुरू होती. ३२-बिट यंत्रांवर २०३८ साली वेळेचा आकडा ओसंडून जाऊ नये म्हणून शेकडो लायब्ररींची, म्हणजे अनेक प्रोग्रॅम ज्यावर उभे असतात त्या सामायिक तुकड्यांची, नावं बदलली जात होती. ओपनएसएसएल, जीलिब यांच्या पॅकेजांना 'टी६४' असं शेपूट लागलं. नवं पॅकेज आलं की जुनं काढावं लागतं, आणि जुन्यावर उभं असलेलं जे जे सिडमध्ये अजून नव्याने बांधून झालेलं नव्हतं, तेही जातं. एपीटीने, म्हणजे पॅकेजं आणणाऱ्या-काढणाऱ्या डेबियनच्या प्रोग्रॅमने, त्याला 'ही पॅकेजं काढली जातील' म्हणून स्क्रीनभर यादी दाखवली होती. त्यात अख्खा डेस्कटॉप होता. त्याने वाय दाबलं. का, तर व्हिडिओतल्यानेही वाय दाबलं होतं.

लोकांना वाटतं, सिडची ओळ घातली तरी आपण मागू तेवढंच तिथून येईल. तसं नसतं. एपीटीच्या लेखी स्टेबल आणि सिड दोघांचाही अग्रक्रम ५००, त्यामुळे ज्याची आवृत्ती नवी तो जिंकतो, आणि सिड जवळपास नेहमीच जिंकतो. शिवाय एकदा वर गेलेली सिस्टिम खाली आणायची अधिकृत सोय डेबियनमध्ये नाही. शेवटी होम फोल्डर वाचवून पुन्हा इन्स्टॉल केलं. रात्रीचे दोन वाजले.

नवी आवृत्ती हवीच असेल तर आधी बॅकपोर्ट्स, म्हणजे स्टेबलसाठी पुन्हा बांधलेल्या नव्या पॅकेजांचा रेपो, बघा. त्याचा अग्रक्रम १००, म्हणजे तुम्ही नाव घेऊन मागितल्याशिवाय काहीही आत येत नाही. तिथे नसेल तर फ्लॅटपॅक, म्हणजे सिस्टिमपासून वेगळं राहणारं पॅकेज. तेही नको असेल तर जुन्या आवृत्तीवर काम करा. कॉलेजच्या गॅदरिंगचा व्हिडिओ तिच्यावरही कापता येतो. माझी स्वतःची सवय म्हणजे कुठलाही मोठा अपग्रेड आधी सिम्युलेट करून, म्हणजे खरा न करता काय होईल ते, बघायचा आणि यादी खालून वर वाचायची, काढल्या जाणाऱ्या पॅकेजांचा आकडा पहिला. दहाच्या वर गेला की चहा करायला उठतो, वाय दाबत नाही.

काली किंवा उबंटूचा रेपो डेबियनवर

हॅकिंग शिकायचंय म्हणून काली या हॅकिंगच्या साधनांच्या लिनक्सचा रेपो जोडणारे दर वर्षी नव्याने जन्माला येतात. काली वेगळ्या मशीनवर किंवा व्हर्च्युअल मशीनमध्ये टाका. उबंटू या दुसऱ्या लिनक्सचे पीपीए, म्हणजे लोकांनी स्वतः चालवलेले छोटे रेपो, उबंटूच्या लायब्ररींवर बांधलेले असतात, ते डेबियनवर आणू नका. विषय संपला.

किल्ली न बघता रेपो जोडणं

पॅकेज खरं आहे का, हे एपीटी रेपोच्या डिजिटल सहीवरून तपासतं आणि ती सही पडताळायला किल्ली लागते. सही जुळत नाही अशी तक्रार आली की गूगल करायचं आणि 'ट्रस्टेड इज इक्वल टू येस' चिकटवायचं. म्हणजे पॅकेज कुणी बनवलं हे तपासूच नकोस, असं तुम्ही रूटच्या, म्हणजे मशीनच्या सर्वोच्च, अधिकाराने सांगता. किल्ली जोडायच्या 'एपीटी-की' या कमांडचा जुना मार्गही तितकाच वाईट. त्याने जोडलेली किल्ली त्या एका रेपोपुरती राहत नाही; दूधवाल्याला फाटकाची किल्ली द्यावी आणि तिने सोसायटीतले सगळे फ्लॅट उघडावेत, तसं ते होतं. ती कमांड डेबियनने कालबाह्य ठरवून काही वर्षं झाली, तरी निम्म्या लेखांत अजून तीच सापडते. किल्ली कीरिंग्ज फोल्डरमध्ये वेगळी ठेवा आणि रेपोच्या नोंदीत 'साइन्ड-बाय' लिहून तिचा पत्ता द्या. मी प्रत्येक बाहेरच्या रेपोला स्वतंत्र फाइल करतो आणि वर एका ओळीत लिहितो, हा कशासाठी घेतला. सहा महिन्यांनी कारण आठवत नसेल तर फाइल उडवतो.

किरकोळ, पण रोज दिसणाऱ्या

'स्टेबल' हा शब्द लिहू नका, 'बुकवर्म' किंवा 'ट्रिक्सी' असं नाव लिहा. ९ ऑगस्ट २०२५ ला डेबियन १३ म्हणजे ट्रिक्सी आलं तेव्हा 'स्टेबल' लिहिलेल्यांची मशीनं पुढच्याच अपडेटला नव्या आवृत्तीच्या दारात उभी राहिली. एपीटीने बदल मान्य आहे का, हेही विचारलं. पण न वाचता वाय दाबणाऱ्याला विचारून काय उपयोग?

वायफाय चालत नसेल तर 'नॉन-फ्री-फर्मवेअर' हा विभाग आहे का बघा. डेबियन १२ पासून फर्मवेअर, म्हणजे वायफाय कार्डासारख्या हार्डवेअरला लागणारं सॉफ्टवेअर, त्यात वेगळं काढलंय, नुसतं 'नॉन-फ्री' लिहून भागत नाही.

सिक्युरिटीच्या ओळीत 'अपडेट्स'च्या आधी तिरकी रेघ दिसली तर तो लेख डेबियन ११ च्या आधीचा आहे. बंद करा.

अपडेट करताना सीडी मागत असेल तर सीडीरॉमच्या ओळीपुढे हॅश (#) टाका, म्हणजे ती ओळ वाचली जात नाही.

मिरर, म्हणजे रेपोची प्रत ठेवणारा सर्व्हर, शोधत बसू नका, डेबियनचा डेब पत्ता (deb.debian.org) आपणहून जवळचा सर्व्हर गाठतो.

आणि 'रिलीज फाइल अजून वैध झालेली नाही' असं आलं तर रेपोला शिव्या देण्याआधी घड्याळ बघा. जुन्या लॅपटॉपच्या मदरबोर्डवरचा सेल संपला की तारीख कित्येक वर्षं मागे जाते, आणि लोक रात्रभर सोर्सेस लिस्ट बदलत बसतात.