लाइटनिंग वापरताना: चॅनल केवढं उघडायचं आणि पेमेंट कुठे अडकतं

बिटकॉइनच्या मुख्य साखळीवरची (ब्लॉकचेनवरची) फी रक्कम बघत नाही, व्यवहार ब्लॉकमध्ये, म्हणजे नोंदींच्या गठ्ठ्यात, किती जागा खातो ते बघते. नेहमीचा साधा व्यवहार साधारण १४१ व्हर्च्युअल बाइटचा असतो. बाइटमागे २० सॅट असा दर चालू असेल तर फी २,८२० सॅट, मग तुम्ही ५,००० सॅट पाठवा नाहीतर ५ कोटी. (एका बिटकॉइनचे १० कोटी सॅट होतात.) त्यात ब्लॉक यायला सरासरी १० मिनिटं. चहाचे पैसे असे देत बसण्यात काही अर्थ नाही.

लाइटनिंग म्हणजे बिटकॉइनवरच उभं असलेलं, लहान पेमेंटसाठीचं जाळं. ते २०१८ पासून प्रत्यक्ष वापरात आहे आणि त्याची रीत वाण्याकडच्या खात्यासारखी आहे: रोजच्या नोंदी वहीत, हिशेब शेवटी एकदाच. फरक एवढाच की इथे उधारी नाही. दोन पक्ष आधी पैसे अशा पत्त्यावर अडकवतात, जिथून ते दोघांच्या सहीशिवाय हलत नाहीत. हे झालं चॅनल. पुढे प्रत्येक पेमेंटला ‘तुझे इतके, माझे इतके’ अशी नवी वाटणी दोघं सही करून ठेवतात. मुख्य साखळीवर जातात फक्त पहिली आणि शेवटची नोंद. ज्याला पैसे द्यायचेत त्याच्याशी थेट चॅनल नसलं तरी चालतं. मधले नोड (हे जाळं चालवणारे संगणक) किरकोळ फी घेऊन रक्कम पुढे सरकवतात.

वॉलेट निवडताना एकच प्रश्न विचारा: किल्ली (पैसे हलवण्याची गुप्त संख्या) कोणाकडे? कंपनीच्या ताब्यातलं वॉलेट मिनिटभरात सुरू होतं, पण त्यातली शिल्लक म्हणजे कंपनीने तुम्हाला दिलेला शब्द. किरकोळ खर्चापुरतं ठीक. किल्ली स्वतःकडे हवी आणि नोडची उठाठेव नको असेल तर फिनिक्ससारखं ॲप बरं. त्यात पाठवण्याची फी ०.४ टक्के अधिक ४ सॅट, म्हणजे ५,००० सॅटला २४. वर मुख्य साखळीची २,८२० होती.

वॉलेट परत मिळवण्यासाठी ॲप देतं ते बारा शब्द कागदावर लिहून ठेवा, फोनमध्ये स्क्रीनशॉट नको. एलएनडी (नोड चालवण्याचं सॉफ्टवेअर) वापरून स्वतःचा नोड चालवणाऱ्यांना मात्र शब्द पुरत नाहीत, चॅनल बॅकअपची फाइलही वेगळी जपावी लागते. आणि नोडचा जुना डेटाबेस परत बसवून नोड सुरू करू नका. जुनी वाटणी साखळीवर गेली की नियमाने ती फसवणूक ठरते आणि समोरचा चॅनलमधली सगळी रक्कम उचलू शकतो. चूक होती की लबाडी, हे प्रोटोकॉल विचारत नाही.

आता चॅनलचा आकार. एलएनडीत किमान २०,००० सॅटचं चॅनल उघडता येतं, पण ते उघडू नये. उघडायला आणि बंद करायला, वरच्याच दराने, मिळून सुमारे ६,००० सॅट जातात: तीस टक्के. तोच खर्च ५ लाखांच्या चॅनलला सव्वा टक्क्याच्या आसपास पडतो. शिवाय साधारण एक टक्का राखीव म्हणून अडकून राहतो, तो खर्चता येत नाही. मेमपूलमधला (साखळीवर जायला थांबलेल्या व्यवहारांच्या रांगेतला) दर उतरलेला बघून एकदाच, ऐसपैस चॅनल उघडा. तीनेक ब्लॉकची, म्हणजे अर्ध्या तासाची वाट बघा.

नवख्यांची हमखास तक्रार इथून सुरू होते: “पैसे जातात, येत मात्र नाहीत.” चॅनल तुम्ही उघडलं म्हणजे सगळी रक्कम तुमच्या बाजूला. समोरच्या बाजूला काहीच नाही, तर तिथून तुमच्याकडे सरकणार काय? आधी थोडं खर्च करा, तेवढी जागा होते. किंवा स्वॅप सेवेतून काही रक्कम मुख्य साखळीवरच्या आपल्याच पत्त्यावर काढा. फिनिक्स ही जागा स्वतः करतं आणि खर्च आलेल्या रकमेतून कापतं. पहिलं पेमेंट कमी दिसलं तर कारण बहुतेक हेच.

पैसे मागायचे तर इन्व्हॉइस, म्हणजे मागणीचा कोड, बनवा. त्याची सुरुवात ‘एलएनबीसी’ने होते, पुढे रक्कम. ‘२०यू’ म्हणजे बिटकॉइनचे २० दशलक्षांश, २,००० सॅट. मुदत वेगळी लिहिली नसेल तर ती एक तासाची. एक इन्व्हॉइस एकदाच. तेच पुन्हा भरलं तर मधला नोड रक्कम गिळू शकतो. आणि घेणाऱ्याचा फोन जागा हवा. अँड्रॉइडच्या बॅटरी बचतीतून ॲप वगळलं नाही तर पेमेंट दारातून परत जातं.

‘रूट सापडला नाही’ आलं तर पैसे कुठेही गेलेले नसतात. वाटेतल्या एखाद्या चॅनलमध्ये तेवढी रक्कम त्या बाजूला नसते. निम्मी पाठवून बघा. ‘प्रलंबित’ हे प्रकरण वेगळं. मधला नोड रक्कम हातात असताना बंद पडला की कालकुलूप (रक्कम परत मिळण्याची ठरलेली मुदत) उघडेपर्यंत थांबावंच लागतं, कधी दिवसभर किंवा जास्तही. घाईने नवं इन्व्हॉइस घेऊन पुन्हा पैसे भरलेत तर दोन्ही पेमेंट पोचू शकतात. घाबरून चॅनल जबरदस्तीने बंद करणं तर त्याहून वाईट. संमतीने बंद केलं तर पैसे पुढच्या काही ब्लॉकमध्ये हाती येतात. जबरदस्तीने केलं तर तुमचा वाटा साधारण १४४ ते २,०१६ ब्लॉक, म्हणजे एक दिवस ते दोन आठवडे, अडकतो. समोरच्याला लबाडी पकडायला दिलेला हा वेळ आहे. तुम्हालाही तेवढाच मिळतो, म्हणून नोड बराच काळ बंद राहणार असेल तर आधी वॉचटॉवर (तुमच्या वतीने साखळीवर नजर ठेवणारी सेवा) नेमा.

भारतातल्या भारतात यूपीआय असताना लाइटनिंगची गरज नाही. उपयोग आहे तो परदेशी ग्राहकाकडून घेताना किंवा तिकडे देताना. पण इथल्या करदात्याने बिटकॉइन खर्च केला की ते हस्तांतरण ठरतं. एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि तोटा वजा करता येत नाही, त्यामुळे प्रत्येक पेमेंटची त्या दिवशीची रुपयातली किंमत लागते. चॅनल बंद झाल्यावर साखळीवर फक्त शेवटची वाटणी दिसते, मधल्या शंभर पेमेंटची यादी ॲपमध्येच असते. ॲप काढून टाकण्याआधी ती सीएसव्ही फाइलीत (तक्त्याच्या फाइलीत) उतरवून घ्या.